शिडाच्या होडीतले भटके

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सह्याद्रीत भटकणारी एखादी तरी व्यक्ती आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असते. शनिवारी रात्रीची शेवटची एसटी पकडायची, सॅकमध्ये पातेलं, डाळ-तांदूळ आणि टॉर्च टाकायचा, पहाटे गडाच्या पायथ्याशी उतरायचं आणि रविवारी रात्री आंबलेल्या अंगानं पण खुशीत घरी परतायचं. एवढं करून गडावर मिळालं काय, असं त्यांना विचारण्यात अर्थ नसतो. ज्याला ते कळतं त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नसतो.

तशीच एक भटकी जमात पाण्यावरही असते. सॅकच्या जागी बारा-पंधरा फुटांची शिडाची होडी, गडाच्या जागी एखादी खाडी किंवा बेट, आणि एसटीच्या जागी वारा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नोकरीनिमित्त राहत असताना मी या जमातीत सामील झाले. आज त्या लोकांविषयी आणि त्यांच्याकडून मी जे शिकले त्याविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

'मी शिडाच्या होडीतून भटकते' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र, श्रीमंत याट येते. डेकवर खुर्च्या, हातात पेला वगैरे. तो गैरसमज आधीच दूर करते. मी ज्या होडीबद्दल बोलते आहे तिला केबिन नसते, इंजिन बहुधा नसतं, आणि बसायला जी फळी असते तीच रात्री बाजूला करून झोपायला जागा करायची असते. अशा होडीला तिकडे डिंगी म्हणतात. गाडीच्या मागे छोट्या ट्रेलरवर ती बसते. जुनी घेतली तर एखाद्या जुन्या मोटारीपेक्षाही स्वस्त पडते. रात्र झाली की किनाऱ्याजवळ नांगर टाकायचा, शिडाच्या खालच्या आडव्या काठीवरून कापड टाकून तंबू करायचा, आणि छोट्या स्टोव्हवर खिचडी शिजवायची. खिचडी अर्थात माझी. बाकीचे डबाबंद बीन्स खातात.

ही हौस नवी नाही. १८६५ साली जॉन मॅक्ग्रेगर नावाच्या गृहस्थानं 'रॉब रॉय' नावाची एक छोटी, वल्ह्यानं आणि चिमुकल्या शिडानं चालणारी होडी घेऊन युरोपातल्या नद्या आणि तळी पालथी घातली. त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं आणि ते वाचून कितीतरी लोक तशाच होड्या बांधायला लागले. तोवर हौसेनं नौकानयन करायचं तर पदरी खलाशी ठेवण्याची ऐपत हवी, असा समज होता. माणूस एकटा, स्वतःच्या हातानं, छोट्या होडीतून लांब जाऊ शकतो, हे त्यानं दाखवून दिलं.

पुढे १९५५ साली अशा लोकांनी एकत्र येऊन ब्रिटनमध्ये 'डिंगी क्रूझिंग असोसिएशन' काढली. ती आजही चालू आहे. तिचं एक त्रैमासिक निघतं. त्यातले बहुतेक लेख सभासदांनीच लिहिलेले असतात. कुणी कुठल्या खाडीत कसा गेला, कुठं चिखलात रुतला, तंबूला कुठली गाठ मारली. आपल्याकडच्या गिर्यारोहण मंडळांच्या अंकांची आठवण यावी, इतकं ते ओळखीचं वाटतं.

या लोकांची दोन-तीन दैवतं आहेत. पहिलं म्हणजे फ्रँक डाय. वेफेअरर नावाच्या जातीची, जेमतेम पावणेपाच मीटर लांबीची, वरून पूर्ण उघडी होडी घेऊन हा माणूस १९६३ साली एका साथीदारासह स्कॉटलंडहून आइसलंडला गेला. सुमारे ६५० मैल, उत्तर अटलांटिकमधून. पुढच्याच वर्षी तो नॉर्वेला निघाला. वाटेत वादळानं गाठलं, होडी पुन्हा पुन्हा उलटली, डोलकाठी मोडली, आणि तरीही दोघं तिला सरळ करून नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले. त्याची ती 'वाँडरर' नावाची होडी आता कॉर्नवॉलमधल्या सागरी संग्रहालयात आहे. ती बघितल्यावर पहिला विचार येतो तो एवढाच, की आपल्या वाड्यातला झोपाळा हिच्यापेक्षा फार लहान नव्हता.

दुसरं दैवत म्हणजे माणूस नव्हे, एक होडीच. 'मिरर' तिचं नाव. 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पुढाकारानं ती बाजारात आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांनी ती अशी आखली, की प्लायवुडचे कापलेले तुकडे खोक्यातून घरी यावेत, ते तांब्याच्या तारेनं एकमेकांना टाचायचे, सांध्यांवर चिकटपट्टी आणि रेझिन चढवायचं, झाली होडी. शाळामास्तर, पोस्टमन, कारकून अशा लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये आणि दिवाणखान्यात त्या बांधल्या. सत्तर हजारांहून जास्त मिरर होड्या झाल्या. लाल शीड दिसलं की आजही लोक ओळखतात. १९९७ साली ए. जे. मॅकिनन नावाचे एक शिक्षक अशीच एक मिरर घेऊन इंग्लंडमधल्या श्रॉपशरहून निघाले, आणि नद्या-कालवे करत, इंग्लिश खाडी ओलांडून, डॅन्यूबच्या प्रवाहाबरोबर थेट काळ्या समुद्रापर्यंत पोचले.

हे सगळं मला नंतर कळलं. सुरुवात झाली ती एका धरणाच्या जलाशयावर शिडाची होडी चालवण्याचा वर्ग लावला तेव्हा. तिथं होडी चालवायला शिकवतात, पण शिकून झाल्यावर करायचं काय, तर शर्यत. तीन बोयांभोवती गोल गोल फिरायचं. त्या शर्यतींत मी नेमानं शेवटून पहिली येत असे. त्याचं मला दुःख नव्हतं. मला प्रश्न पडायचा तो असा, की एवढं वाऱ्याचं तंत्र शिकून माणूस जिथून निघाला तिथंच परत का येतो? हे मी एकदा चहाच्या वेळी बोलून दाखवलं. शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवीतून त्या त्रैमासिकाचा जुना अंक काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "तू चुकीच्या टेबलावर बसली आहेस. आमच्यात ये."

त्यांच्यात जायला परीक्षा नाही. वर्गणी भरली की सभासद. पण खरं सामील होणं वर्गणीनं होत नाही, ते पहिल्या मेळाव्याला होतं. मेळावा म्हणजे काय, तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या धक्क्यावर, दहा-बारा होड्या घेऊन माणसं जमतात आणि दोन-तीन दिवस बरोबरीनं भटकतात. मी गेले तेव्हा माझ्या जवळ एक विकत घेतलेली जुनी, चौदा फुटांची प्लायवुडची होडी होती. मला वाटलं, होडीचा रंग, बांधणी, वय याबद्दल विचारतील. तसं काही झालं नाही. एकेक जण येऊन 'हॅलो' म्हणायचा आणि मग आपण वाकून नव्या सुनेनं आणलेली भांडी बघावीत तसा होडीत डोकवायचा. नांगराचा दोर किती लांब आहे? वारा वाढला तर शीड आखूड करायची सोय काय? होडी उलटली तर तिच्यात हवेचे कप्पे कुठं आहेत, आणि ते खरोखर हवाबंद आहेत ना? पाणी उपसायची बादली दोरीनं बांधलेली आहे का? बादली बांधलेली नव्हती, कारण ती मी तासाभरापूर्वीच दुकानातून आणली होती. कुणी काही बोललं नाही. एका गृहस्थांनी खिशातून दोरीचा तुकडा काढला, बादलीच्या कडीला बांधला आणि ते पुढच्या होडीकडे गेले.

हे गृहस्थ म्हणजे शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिथं सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात. पण मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणायची, आजही म्हणते.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला सांगितलं, "आता होडी उलटव." मुद्दाम. किनाऱ्याजवळ, उन्हाळ्यात, बाकीच्या दोन होड्या शेजारी उभ्या असताना. होडी आडवी झाली की तिच्या पोटातून खाली उतरणारी फळी पाण्याबाहेर येते. तिच्यावर उभं राहायचं, होडीची कड धरून मागे झुकायचं, की होडी हळूहळू सरळ होते. मग आत चढायचं आणि पाणी उपसायचं. ऐकायला पाच मिनिटांचं काम. पण त्या पाण्यात पडल्यावर कळतं की आपलं शरीर आपलं ऐकत नाही. तिथला समुद्र ऑगस्टमध्येसुद्धा अठरा अंशांच्या आसपास असतो, फेब्रुवारीत पाच-सहा अंशांवर येतो. एकदम गार पाण्यात पडलं की छाती आपोआप मोठ्ठा श्वास ओढते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. म्हणून लाइफ जॅकेट पोहता न येणाऱ्यांसाठी असतं, हा आपल्याकडचा समज तिथं कुणी ऐकूनही घेत नाही. पहिली एक-दोन मिनिटं काही करायचं नाही, नुसतं तरंगायचं, श्वास ताळ्यावर येऊ द्यायचा, आणि मग कामाला लागायचं. मी त्या दिवशी तीन वेळा होडी उलटवली आणि तीन वेळा सरळ केली. तिसऱ्या वेळी मास्तरांनी फक्त मान हलवली. माझ्या दृष्टीनं तीच सभासदत्वाची पावती.

आता तुम्हाला तो प्रदेश सांगते. एसेक्स परगण्यात वॉल्टन नावाचं गाव आहे. त्याच्या मागे खाड्यांचं एक जाळं आहे. त्याला वॉल्टन बॅकवॉटर्स म्हणतात. आर्थर रॅन्समची मुलांसाठी लिहिलेली साहसकथा, 'सीक्रेट वॉटर', १९३९ साली आली, तिचा प्रदेश तो हाच. मधे हॉर्सी नावाचं बेट आहे. ओहोटीला तिथं जाण्यापुरता रस्ता उघडा पडतो, भरतीला तो पाण्याखाली जातो. चिखलावर सील पहुडलेले असतात, आणि त्या चिखलातल्या लोहामुळे त्यांच्या अंगाला चक्क गंजाचा तांबूस रंग चढलेला असतो. भरतीला डोळे दिपवणारं विस्तीर्ण सरोवर, आणि सहा तासांनी बघावं तर नुसता चिखल आणि मधून वाहणारे दोन-चार ओहोळ. उधाणाच्या दिवशी तिथं पाणी पावणेचार-चार मीटर चढतं आणि उतरतं. मुंबईच्या उधाणाच्या जवळपासच म्हणा ना.

त्यामुळे तिथं घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर सगळं चालतं. एक साधा हिशेब ते नवशिक्याला शिकवतात. भरतीचे सहा तास धरायचे आणि एकूण चढण्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं. त्या वेळी प्रवाहही सगळ्यांत जोरात असतो. त्याच्या विरुद्ध जायचं म्हटलं तर छोट्या होडीला शीड भरून वारा असूनसुद्धा किनाऱ्यावरचं तेच झाड तासभर बघत बसावं लागतं.

इथं मला माझ्याकडची एक गोष्ट देता आली. आपल्या कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराला. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, तो भांग. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. माझ्या तिकडच्या स्वयंपाकघरात भारतातून आणलेलं कालनिर्णय टांगलेलं असायचं. त्यातल्या तिथी घेऊन मी हार्विच बंदराच्या छापील भरतीच्या कोष्टकाशी ताडून बघितल्या, आणि थक्क झाले. बंदरागणिक भरतीची वेळ वेगळी असते, पण योगायोगानं पौर्णिमेची भरती मुंबईलाही दुपारी बाराच्या आसपास आणि हार्विचलाही बाराच्या आसपास. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, तेवढा एक तास मिळवला की आमच्या आजीचा हिशेब त्यांच्या समुद्रावर अंदाजापुरता चालतो! हे मी मेळाव्यात सांगितलं तेव्हा सगळे आपापली कोष्टकं काढून पडताळायला बसले. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. अर्थात होडी बाहेर काढताना छापील कोष्टकच बघायचं, हेही त्यांनी लगेच पुढे लिहिलं.

आता ज्या दिवसासाठी एवढं सगळं सांगितलं, तो दिवस. एका वर्षी नारळी पौर्णिमा रविवारी आली होती. आपल्याकडे त्या दिवशी समुद्राला नारळ वाहून दर्या खुला करतात. आम्ही नऊ होड्या बॅकवॉटर्समध्ये दोन रात्री नांगरून होतो आणि त्या दिवशी परत निघायचं होतं. आमच्या गाड्या आणि ट्रेलर हार्विचच्या आतल्या बाजूला, नदीच्या धक्क्यावर उभे होते. तिथं पोचायला खाडीतून बाहेर उघड्या समुद्रात यायचं, किनाऱ्यानं उत्तरेला वळायचं आणि हार्विचच्या तोंडातून आत शिरायचं. भरती दुपारी एकच्या सुमाराला पूर्ण. ओहोटीबरोबर बाहेर पडायचं आणि संध्याकाळी नवी भरती लागली की तिच्याबरोबर आत, असा बेत होता. अंतर फार नाही.

सकाळी रेडिओवर समुद्राचा हवामान अंदाज ऐकला. बीबीसीवर हा अंदाज गेली कित्येक दशकं दिला जातो. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग आहेत, आमचा विभाग थेम्स. ईशान्येचा वारा, जोर चार ते पाच, अधूनमधून सहा. हे आकडे बोफर्टच्या मापाचे. चार म्हणजे आमच्या होड्यांना मजेचा पण कष्टाचा वारा. सहा म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या वर, आमच्यासाठी नकोच. त्यात एक मेख होती. ओहोटीचं पाणी खाडीतून ईशान्येकडे बाहेर जाणार आणि वारा नेमका ईशान्येकडून आत येणार. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्यांच्यात छोट्या होडीला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही.

मला सोमवारी सकाळी नऊला ऑफिसात पोचायचं होतं. काम महत्त्वाचं होतं, महिनाभर आधी ठरलेलं. आकाशात ऊन होतं, खाडीतलं पाणी शांत होतं, आणि माझ्या हातात तीन वर्षांचा अनुभव होता. जावं की राहावं?

त्या लोकांची पद्धत अशी की कुणी कुणाला 'जाऊ नकोस' म्हणत नाही. प्रत्येक होडीचा तांडेल तो स्वतः. मी मास्तरांकडे गेले आणि म्हटलं, "मी विचार करते आहे." त्यांनी स्टोव्हवर चहाचं भांडं ठेवलेलं होतं. त्यांनी वाऱ्याबद्दल काही विचारलं नाही, माझ्या अनुभवाबद्दल नाही. एवढंच म्हणाले, "परत कुठून फिरणार, ते ठरलंय का?"

मी होडीत जाऊन नकाशा उघडला. खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मी केव्हाही परत फिरू शकत होते. पण तोंडातून एकदा बाहेर पडले की ओहोटीचा प्रवाह मला पुन्हा आत येऊ देणार नव्हता. म्हणजे तिथून पुढे, संध्याकाळी पाणी फिरेपर्यंत, समोरून वारा आणि बाजूला उथळ पाणी. वारा सहावर गेला तर जायला जागा नाही. नवी भरती लागणार सातच्या सुमाराला, आठनंतर अंधार, आणि हार्विच म्हणजे मोठमोठ्या मालवाहू जहाजांची वाट. पेन्सिल घेऊन मी नकाशावर परत फिरण्याची जागा शोधत होते आणि ती मला सापडत नव्हती. वाऱ्याची भीती वाटली म्हणून नव्हे, ती जागा सापडली नाही म्हणून मी शीड गुंडाळलं.

नऊच्या नऊ होड्या राहिल्या. आम्ही त्या खाडीतल्या एका सुरक्षित धक्क्याला बांधल्या, टॅक्सी करून गाड्यांपर्यंत गेलो, आणि पुढच्या शनिवारी येऊन होड्या नेल्या. ऑफिसातल्या कामाला मात्र मी वेळेवर पोचले, फक्त कपड्यांना चिखलाचा वास होता.

श्रोतेहो, कथा असती तर त्या रात्री वादळ झालं असतं. तसं काही झालं नाही. वारा पाचच्या पुढे गेल्याचं आम्हाला तरी जाणवलं नाही. आम्ही गेलो असतो तर कदाचित भिजून, दमून, पण सुखरूप पोचलोही असतो. मी हे मास्तरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "असेल. पण जे माहीत नव्हतं त्याच्या भरवशावर निघालो असतो." निर्णय चांगला होता की नाही हे निकालावरून ठरवायची आपल्याला सवय असते. पोचला तर शूर, नाही पोचला तर मूर्ख. त्या लोकांच्या लेखी निर्णय चांगला ठरतो तो निघायच्या आधी, आणि मला वाटतं, हे समुद्रापुरतं नाही.

यामागे आणखी एक कारण आहे. ब्रिटनमध्ये स्वतःच्या हौसेसाठी अशी छोटी होडी समुद्रात न्यायला परवाना लागत नाही. परीक्षा नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपल्याला हे ऐकून नवल वाटतं. पण ही मोकळीक टिकून आहे ती माणसं आपली जबाबदारी आपण उचलतात म्हणून. उद्या दर रविवारी दहा होड्या संकटात सापडायला लागल्या तर सरकार नियम करणारच. आणि संकटात सापडलेल्याला आणायला कोण जातं? तिथली जीवरक्षक होड्यांची संस्था, आर.एन.एल.आय., १८२४ साली स्थापन झाली. ती लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या होड्यांवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. म्हणजे गावातला प्लंबर, शिक्षिका, दुकानदार. पेजर वाजला की हातातलं काम टाकून पळतात. माझी सोमवारची मीटिंग वाचावी म्हणून त्यांनी रात्री पाण्यात उतरायचं का? हा विचार तिथं प्रत्येकाच्या मनात पक्का असतो. म्हणूनच निघताना किनाऱ्यावरच्या एकाला तरी सांगून जायचं, की मी इतक्या वाजेपर्यंत पोचल्याचा फोन केला नाही तर कळव. आणि पोचल्यावर चहाच्याही आधी तो फोन करायचा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्लंडात ठीक आहे, आपल्याला त्याचं काय? गंमत अशी की समुद्र आपल्याला परका नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या आतपर्यंत शिरलेल्या आहेत. तिथलं पाणी ऊबदार. वारा पावसाळा सोडला तर मोठा शिस्तीचा, सकाळी जमिनीवरून समुद्राकडे, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे. आपल्या कोळ्यांना आणि खारव्यांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ती 'म्हादेई' नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली होती. मुंबईत कुलाब्याला आणि पुण्याजवळ खडकवासल्याला शिडाच्या होड्या चालतात. म्हणजे ज्ञान आहे, माणसं आहेत, पाणीही आहे. कमी आहे ती खांद्यावर सॅक घेऊन निघावं तसं साध्या होडीतून निघणाऱ्या सामान्य माणसांच्या टोळीची.

गडांच्या बाबतीत अशी टोळी आपण उभी केली. पूर्वी गडावर गुराखी जायचे आणि इतिहासाचे अभ्यासक जायचे. मग बँकेतले, कॉलेजातले लोक जायला लागले, त्यांनी मंडळं काढली, नव्यांना दोर बांधायला शिकवलं, आणि अडकलेल्यांना उतरवून आणणारी पथकंही त्यांच्यातूनच तयार झाली. पाण्यावरही तसं होऊ शकेल. मात्र सुरुवात होडीच्या खरेदीपासून करू नका. तुमच्या खाडीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाकडे जाऊन बसा. वारा कधी फिरतो, पाणी कुठं ओढतं, पावसाळ्याआधी होडी कधी वर घ्यायची, हे त्याला विचारा. स्थानिक नियम आणि परवानग्या काय आहेत ते बंदराच्या कार्यालयात विचारा. पोहायला शिका, आणि पोहता आलं तरी लाइफ जॅकेट घाला.

मास्तर आता ऐंशीच्या पलीकडे आहेत. डोलकाठी उचलणं जमेना तेव्हा त्यांनी स्वतः बांधलेली होडी एका शाळकरी मुलीला अगदी नाममात्र किमतीला दिली. अट एकच, ती गॅरेजात पडून राहता कामा नये. मेळाव्याला मात्र ते अजून येतात, धक्क्यावर खुर्ची टाकून बसतात, आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक होडीत वाकून बघतात. खिशात दोरीचे तुकडे असतातच. नव्या माणसांच्या बादल्या बांधायचं काम आता आमच्यातल्या प्रत्येकाकडे थोडं थोडं आलं आहे.